पान साठ

या गावाचं नावच नाव:
वूच, म्हणजे होडी.
आणि गावात नदी दिसत नाही.
गिरण्यांच्या काळात तिला नळात घातलं, वरून रस्ते नेले.
असल्या गावात थरारपट लिहायला
वेगळी खोली कशाला हवी, विटोल्ड म्हणाला होता.
तरी घेतली. जुनी सूतगिरणी, तिसरा मजला,
भिंतीवर बुचाचा फळा, बेचाळीस कार्डं:
पिवळी नायिकेची, निळी नवऱ्याची,
लाल फक्त तीन.

पान बारा: काडेपेटी जागेवर नाही.
पान तीस: दाराला आतून कडी. तिने घातलेली नाही.
पान पंचेचाळीस: डॉक्टर तिची विचारपूस नवऱ्याकडे करतात.
पान साठ: तिला कळतं.
पहिलं लाल कार्ड इथे, ऐन मध्यावर,
तराजूच्या काट्यासारखं उभं.
तोवर प्रेक्षकाने तिच्यावरच संशय घ्यायचा.
त्याला बोट धरून तिथवर न्यायचं, हे माझं काम.
त्याचेच पैसे मिळतात.

सोमवारी काडेपेटी कडीच्या खाली गेलेली.
मीच लावली असेन.
मंगळवारी डॉक्टर आधी आले, आजार मागून.
मी फळ्याचा फोटो काढून ठेवला.
बुधवारी शेवटचं कार्ड उलटं टोचलेलं,
कोरी बाजू माझ्याकडे.
गुरुवारी फोटो आणि फळा
एकमेकांना ओळख दाखवेनात.
मी चहा कमी केला.
झोपेच्या गोळ्या मोजल्या, परत मोजल्या.

शुक्रवारी दिवा मालवून पडद्यामागे उभी राहिले,
आपल्याच पटकथेतल्या एखाद्या भिकार प्रसंगासारखी.
साडेआठला बादली आली, मागून रुस्लाना.
खार्किव्हहून आलेली, चार मजले पुसते.
हात एप्रनला कोरडे केले,
लाल कार्ड काढलं,
काडेपेटीशेजारी लावलं
आणि जरा मागे सरून बघितलं,
भिंतीवरची तसबीर सरळ आहे का बघतात तसं.

"तू?"
ती दचकली नाही.
"पहिल्यांदा वाऱ्याने पडली होती सगळी.
लावताना वाचली. मग राहवेना.
बाई, तुमची ही साठ पानं थांबते कशी?
काडेपेटी हलली की कळतं.
त्याच आठवड्यात कळतं.
पुढचे महिने असतात
तिकिटाचे पैसे बाजूला टाकायचे
आणि कळलेलं तोंडावर येऊ न द्यायचे.
भीती दाखवायची ना तुम्हाला?
ती भांडी घासत असताना दाखवा.
तो मागे उभा राहून विचारतोय,
आज इतकी गप्प का."

"मग रहस्य काय उरलं?" मी म्हटलं.
"कुणासाठी?" म्हणाली,
आणि फडकं पिळलं.

फरशी वाळेपर्यंत आम्ही दोघी
खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसलो.
तिने खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या.
टरफलं मी माझ्याच मसुद्याच्या पानावर ठेवत गेले.
निघताना सहज विचारलं:
ते उलटं कार्ड मात्र का? कोरी बाजू वर?

"कधी?"

"बुधवारी."

"बुधवारी मी येत नाही."

किल्ल्या तीन होत्या.
एक माझ्याकडे, एक तिच्या कमरेला.
तिसरी, हरवशील तू, म्हणून
विटोल्डने मागून घेतली होती.

ट्रामच्या काचेला डोकं टेकलं.
रुळांच्या खाली कुठेतरी नदी वाहत होती.
चष्मा. औषधाची पट्टी. आईचं न पोचलेलं पत्र.
मागच्या हिवाळ्यातला एकटा हातमोजा,
जो फ्रीजमध्ये सापडला आणि आम्ही दोघं हसलो होतो.
एकेक कार्ड मी
पान बाराकडे सरकवत राहिले.

पर्समधले पैसे काढून बघायची गरज पडली नाही.
मागच्या कप्प्यात, अस्तराच्या आत,
किती आहेत ते मला
केव्हापासूनच पाठ होतं.