अंगठा

कुताइसीत, बेकरीच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही फोटो टांगतो
दोरीवर, कपड्यांचे चिमटे लावून.
खालून पावाचा वास येतो, म्हणून
टीका जरा भुकेलीच असते.

'क्षितिज कललंय,' नुगझार म्हणतो.
तीस वर्षं बस चालवली त्यानं,
कललेलं काही सोसत नाही त्याला.
'उजेड करपलाय.' 'कुत्रं कशाला मध्ये?'
माझ्या नदीवरच्या धुक्यापाशी
सगळे थांबले
आणि पुढे गेले.
याहून वाईट शेरा मला अजून मिळालेला नाही.

मग ओतारचा फोटो. लिफ्ट दुरुस्त करतो तो.
बाजार, अक्रोडांच्या माळा, हसणारी बाई,
आणि कोपऱ्यात गुलाबी, धूसर, भलामोठा
त्याचाच अंगठा.
'काप तो,' चौघं एकदम.

त्सियालानं पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले,
गोळ्या मोजाव्यात तसे सावकाश सरकवले.
बाजार गेला, माळा गेल्या,
बाई हसता हसता गेली.
उरला अंगठा, त्यावर ग्रीसचा काळा डाग.
'बाकीचं कुणीही काढलं असतं,' ती म्हणाली.

ओतार कानापर्यंत लाल.
थट्टा की कौतुक, त्याला कळेना, आम्हालाही.
फोटो कोटात सारून
पाव न घेताच जिना उतरला.

पुढच्या गुरुवारी आला नाही.
त्याच्या पुढच्या गुरुवारी आला:
तोच फोटो, दुप्पट मोठा, अंगठ्यासकट.

कुणी बोलेना.
नुगझारनं मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.
'क्षितिज मात्र,' म्हणाला,
'कललंय.'