काट्यावर सोळा किलो

मणदूरच्या डेअरीत, सकाळचं दूध मोजून झाल्यावर
धाकलूमामा येडग्यांनी माझी सॅक काट्यावर ठेवली.
सोळा किलो चारशे.
"आत कुणाला बसवलंय का म्याडम?"
उत्तराला न थांबता त्यांनी चेन उघडली.

पाच रात्री. झोळंबीच्या सड्यापलीकडं,
सांबरांची मोजणी,
म्हणजे बहुतेक वेळ त्यांच्या लेंड्यांची.

आधी तंबू निघाला, मग त्याच्या खुंट्या.
जीनची पँट: "ही भिजली की म्हस हुती."
उशी. ती त्यांनी डेअरीच्या पोराला देऊन टाकली.
तीन साबण.
"आलोय म्हणून सांबराला आदीच कळवायचंय?"
आईचे डिंकाचे लाडू मात्र हातात तोलले,
दोन जागच्या जागी खाल्ले, बाकीचे परत आत.
"ह्ये वजन रोज कमी हुतंय.
असलं वजन घ्यावं."

त्यांचं स्वतःचं एक पोतं, दोन बाजूंनी दोरी:
घोंगडं, कोयता, जर्मनचं पातेलं,
नाचणीचं पीठ, हुलग्याचं पीठ,
मीठ न् मिरची एकाच पुडीत,
सायकलच्या ट्यूबमध्ये बांधलेली काडेपेटी,
आणि लोकरी मोज्यांचा एक जोड
जो चालताना घालायचाच नाही.
"त्यो निजायचा.
दिसभर पायांचं काय बी हुंदे,
रातीला त्यास्नी कोरडं घर पायजे."

झऱ्याकाठची सपाट जागा मला आवडली होती.
ते न बोलता तीसेक पावलं वर चढले,
तिथं पोतं टाकलं.
"गारठा पाण्यावानी. उताराला जाऊन साचतोय."
कारवीचा पाला गुडघाभर, त्यावर ताडपत्री,
चुलीतले दोन दगड किंतानात गुंडाळून पायाशी.
माघातल्या त्या रात्री
मी घरच्या गादीवर झोपत नाही इतकी झोपले.

"कुठं शिकलात हे?" दुसऱ्या दिवशी विचारलं.
ते कातळावर बसून पायाचा गोचीड काढत होते.
काढला, नखावर चिरडला, मग म्हणाले,
तवा गाव हुतं हितं.
चुलत्याची ठासणीची बंदूक हुती.
एकेका सांबरामागं आठ-आठ दिस.
"जाताना हलकं जायाचं,
कारण येताना त्यो असायचा ना."
सांबर म्हणाले नाहीत. त्यो.

आणि आता? येताना?
"आता तुमची वही."

बंदूक शिराळ्याच्या ठाण्यात जमा होऊन
तीस वर्षं झाली असतील.
गाव उठून खाली गेलं, त्याच सुमाराला.
मागून चालताना मला दिसतं,
त्यांचा उजवा खांदा अजून
दोन बोटं खाली आहे.

चौथ्या पहाटे, धुकं दरीतून वर यायच्या आत,
समोरच्या गवतात तो उभा होता.
ओल्या खोडासारखा काळा, मानेवर आयाळ,
शिंगं इतकी मागं गेलेली
की मला टोकं मोजता येईनात.
शेजारी मामांचा श्वास थांबला.
तो खांदा आपोआप वर आला,
एक डोळा बारीक झाला,
बोट वळलं,
आणि मग त्याच बोटानं त्यांनी कान खाजवला.

तेवढ्यात वारा फिरला, आमच्याकडून तिकडं.
ढाँक!
सगळा डोंगर दचकला असा आवाज,
एक पाय आपटला, आणि गवत रिकामं.

मी वही उघडली. नर, एक. सहा वाजून चाळीस.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
पेन तिथं थांबलं.
मामा माझ्याकडं न बघता, नाक किंचित वर करून,
रिकाम्या गवताला म्हणाले,
"लिवा की."

चौथा साबण
खिशातल्या रुमालात होता,
अजून ओला.
अंधारात झऱ्यावर तोंड धुतलं होतं मी.