बाटलीवर नाशपातीचं चित्र

रविवारी सकाळी मिनीबस येते.
चार दिवस, तीन सीमा, एक बोट,
आणि बारीच्या बंदरामागच्या वाहनतळावर
ड्रायव्हर गोचा टपावर चढून नावं पुकारतो
शाळेतल्या हजेरीसारखी.
खाली आम्ही सगळ्या बायका,
कुणाच्या ना कुणाच्या म्हाताऱ्या सांभाळणाऱ्या,
दोन तासांच्या सुट्टीवर
ओठांना लाली लावून आलेल्या. पोत्यांसाठी.

"त्सिआला!"
"आहे."

पोत्यात अक्रोड, आंबट आलुबुखारांची चटणी,
आणि मधोमध, जुन्या स्वेटरात गुंडाळलेली,
आजारी माणसासारखी,
दोन लिटरची प्लास्टिकची बाटली.
लेबल नाशपातीच्या लेमोनेडचं.
आत काखेतीची वाइन.

ती पांढरी नाही, लाल नाही.
कोरा चहा उन्हात धरला
की येतो तो रंग.
सालींसकट, बियांसकट, देठांसकट
सहा महिने पुरलेल्या रांजणात बसून राहते,
कुणाशी बोलत नाही.

आत कसं असतं ते मला ठाऊक आहे.
आठ वर्षांची मी, घरात सगळ्यांत किडकिडीत,
म्हणून मला दोरीनं खाली सोडायचे
चेरीच्या सालीचा घासणा हातात देऊन.
आत मी माझंच नाव घ्यायची
आणि रांजण ते परत द्यायचा
एका थोराड बाईच्या आवाजात.
तेव्हा वाटायचं, कोण ही?

सिन्योरा आद्दोलोराता एकोणनव्वदच्या.
मला कधी बहीण म्हणतात, कधी चोर.
रात्री त्यांच्या गोळ्या झाल्यावर
मी झाकण फिरवलं. बाटलीनं सुस्कारा टाकला.

आमच्याकडे बोलल्याशिवाय पहिला घोट घेत नाहीत,
आणि बोलायचा मान पुरुषाचा,
टेबलाच्या टोकाला बसणाऱ्याचा.
इथलं टेबल गोल.
त्यावर रक्तदाबाचं यंत्र.
मी उभी राहिले. म्हटलं,
"जे गेले त्यांच्यासाठी.
ज्या पैसे पाठवतात त्यांच्यासाठी."
आणि घेतला.

अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा होता.
सुक्या जर्दाळूचा वास होता.
जिभेवर ती ओळखीची खरखर होती.
माती फक्त आमची नव्हती.

ओतारला फोन लावला.
"कशी झालीय?"
"तू सांग."
बराच वेळ फोनमध्ये कुत्रं भुंकत राहिलं.
मग भाऊ म्हणाला, "यंदा द्राक्षं वेलीवरच कारखान्याला दिली.
तोडायला माणसं कुठायत?
ही ओढ्यापलीकडच्या वाझाची.
तुला कसं कळलं?"
"मला काय कळणार," मी म्हटलं,
"छान झालीय. नेहमीसारखी."

दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागला.
तिसऱ्याला आठवलं:
वाझाच्या बापाचा मळा, भर दुपार,
मी आणि ओतार वेलींखाली पालथे,
फ्रॉकच्या ओच्यात घोस,
आणि मागे लागलेला त्यांचा मुरा,
ज्याला एक कान नव्हता.
म्हणजे ही चवही माझीच की.
चोरलेली, पण माझी.

तेवढ्यात दारात सिन्योरा. अनवाणी.
"एकटीच पितेस?"
डॉक्टरांची मनाई आहे.
मी औषधाच्या मापात बोटभर ओतली.
त्यांनी जीभ टाळूला लावली, डोळे मिटले
आणि महिन्यात पहिल्यांदा ताठ बसल्या.
"ही आमच्या मळ्यातली," म्हणाल्या,
"दगडी गडग्याकडची. बाबांनी काढलेली."
"कुठल्या ओळीतली?"
"तिसऱ्या."
इतकं ठाम त्या हल्ली
स्वतःचं नावही सांगत नाहीत.

मग मी त्यांना
तिसऱ्या ओळीतली आणखी थोडी दिली.

बाटली धुतली आहे. आतूनच,
नाशपातीचं चित्र भिजू नये म्हणून.
गुरुवारी गोचा परत निघेल.
आलेलं भांडं रिकामं कसं धाडायचं?
इथलं ऑलिव्हचं तेल भरलंय, हिरवं, घशाला झोंबणारं.
ओतारला सांगेन, निम्मं वाझाकडे दे.
कशाबद्दल म्हणून विचारलं त्यानं
तर म्हणावं, जुनी उधारी आहे,
मुऱ्याला माहीत होती.