चाळीस फूट

एमिल हावलिचेक बुधवारी पहाटे पडला
तो नेमका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.
पाय ब्रॅकेट काउंटीत.
डोकं, खांदे आणि हातातला न फुटलेला कप
ऑसवाल्डमध्ये.

मी ब्रॅकेटची कारकून. एकोणीस वर्षं
जन्म, लग्नं, मरणं, कुत्र्यांचे परवाने
एकाच कपाटात लावत आले.
पण असला कागद कधी आला नव्हता:
'मृत्यूचे ठिकाण' या रकान्यात
दोन्हीकडच्या पोलिसांनी
शिसपेन्सिलीने नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं.

आधी घर, की आधी रेघ?
आर्डिथ म्हणते, रेघ.
एमिलचे आजोबा बोहेमियातून आले तेव्हा
मोजणीदार साखळी ओढत पुढे गेला होता.
ओढ्यापाशी तो चुकला, किंवा दमला,
काय झालं कोणी लिहून ठेवलं नाही.
मागे राहिलेल्या खुंटीला आजोबांनी गाय बांधली
आणि गाईभोवती घर वाढत गेलं.

मग झोपायचं ब्रॅकेटमध्ये, जेवायचं ऑसवाल्डमध्ये.
मत इथे, मुलांची शाळा तिथे,
कराची नोटीस मात्र दोन्हीकडून, न चुकता.
बर्फ पडला की आमचा नांगर पश्चिमेकडून यायचा,
त्यांचा पूर्वेकडून,
आणि दोघेही फाटकाजवळ येऊन
"पुढचं त्यांचं" म्हणत वळायचे.
मधला चाळीस फुटांचा बर्फ एमिल फावड्याने काढायचा.
नेब्रास्का वगैरे ठीक आहे, म्हणायचा,
पण माझं राज्य एवढंच.

शुक्रवारी मी गेले. ऑसवाल्डहून ड्वेन आला.
गाडीच्या पाटीवर त्याचा आकडा वेगळा, माझा वेगळा;
आमच्याकडे माणूस आधी पाटीवरून कळतो, मग चेहऱ्यावरून.
राजधानीतून नवा नकाशा आलेला, उपग्रहाने काढलेला.
आम्ही गुडघ्यांवर बसून टेप धरला, फरशीवर खडू ओढला.
रेघ सहा फूट पूर्वेला सरकलेली निघाली.
टेबल आमच्यात, शेगडी त्यांच्यात,
एमिल अख्खा आमच्यात.
"मग तुमचाच," ड्वेन म्हणाला.

आर्डिथने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.
म्हणाली, शाळेत आम्हाला सगळ्या काउंट्या
पाढ्यासारख्या म्हणायला लावत,
पश्चिमेकडून पूर्वेकडे, ओळीने.
आणि कोणी विचारलं नसताना
खिडकीबाहेर बघत म्हणू लागली:
चेरी. ग्रँट. हुकर. थॉमस.
ब्लेन. लूप. गारफील्ड. व्हीलर.

तिथे थांबली.
एमिल इथेच अडकायचा, म्हणाली.
मी त्याला मागून सांगायचे हळूच.
काय होतं ते?

कॉफी उकळून शेगडीवर सांडत होती, त्यांच्या काउंटीत.
मला आठवेना. मला, जिच्या टेबलावर
काचेखाली सबंध राज्याचा नकाशा आहे.
"अँटिलोप," ड्वेन म्हणाला, खडू खिशात टाकत.

मी रकान्यात ब्रॅकेट लिहिलं.
थडग्याची जागा त्यांच्या हद्दीत, आईबापांशेजारी,
म्हणजे प्रेत पलीकडे न्यायला परवाना आला.
तीन डॉलर. ते मी भरले,
पावती फाडली नाही.

रविवारी बर्फ पडला, कमरेएवढा.
दफनाला निघालो तर दोन्ही नांगर
आपापलं काम करून परत गेलेले.
मधे तो पांढरा ढीग, तसाच.
ड्वेनकडे फावडं होतं, माझ्याकडे कोळशाचं खोरं.
आळीपाळीने काढला. बोललो नाही फारसं.
त्याचा एक हातमोजा हरवला तो मार्चपर्यंत सापडला नाही.

टेप अजून माझ्या गाडीतच होता.
शवगाडी पुढे गेल्यावर मी सहज लावून पाहिला.
चाळीस नाही, बत्तीसच फूट भरलं.

आर्डिथला सांगितलं नाही.