लाभ

उदगीरच्या मोंढ्यात एकतीस वर्षं
माझी बैठक एकाच जागी,
पंख्याखाली नाही,
पंख्याच्या जरा अलीकडं.

माल उतरला की पट्टीवर लिहायचो
हमाली, तोलाई, कडता,
आणि चौथ्या ओळीत, जरा वळणदार अक्षरात,
धर्मादाय.
शेकडा चार आणे.
धर्म कुणाचा आणि दाय कुणी दिलं
हे कुणी विचारलं नाही.
देवाच्या नावाचे आहेत, जाऊ द्या, म्हणायचे लोक.
मीही जाऊ दिले.

कुठं गेले ते मला ठाऊक आहे.
मठाच्या दाराला चांदी लागली,
वर मालकाच्या वडलांचं नाव.
देवर्जन, हाळी, तोंडारच्या तुरीची नावं
त्या पट्टीत मावलीही नसती म्हणा.

श्रावणात महाराज सांगायचे,
घामाचं तेवढंच खा, उरलं ते दासोहाला.
मालक पहिल्या रांगेत मान डोलवायचे.
मी चौथ्या.
हुग्गी गरम असायची, वर तूप.

काट्यावर महेबूब.
पहिल्या पोत्याला तो एक म्हणत नसे,
कुणीच म्हणत नाही.
लाभ, दोन, तीन...
एकदा बिडी विझवत म्हणाला,
"आमच्या कुराणात मापात मारणाऱ्यावर
आख्खी एक सूरत हाय, मुनीम."
मग?
"मग काय. काटा मालकाचा.
मी नुस्ता मोजतो."
मी म्हणालो, मीही नुस्ता लिहितो.
दोघं हसलो. चहा आला.

दिवेलागणीला सोजरबाई शेड झाडायची.
सांडलेली तूर, माती, सुतळीचे तुकडे,
निम्मी झाडण मालकाची, निम्मी तिची,
असा ठराव होता.
मालकाची मी तोलून घ्यायचो.
तिची ती कान तुटलेल्या कपानं मोजायची.

एका संध्याकाळी लाइट गेली होती
म्हणून ऐकू आलं.
"लाभ," म्हणाली,
आणि तो कप पदरात न टाकता
खांबाजवळ कागदावर ओतला.
हे कुणाला गं?
"आसंल कुनीतरी. रातच्याला शेडात
कुनी ना कुनी उपाशी निजतंयच की."
मग दोन. मग तीन. साडेतीनलाच संपली.
"पयलं माप आपलं नसतंय, मुनीमदादा.
म्हनून तर त्याला एक म्हनत न्हाईत."

त्या रात्री रोजकीर्द जुळली.
पैशाचा फरक नाही.
रोजच जुळायची.

नवं पान उघडलं, वर श्री काढला,
शेजारी शुभ लिहिलं,
पुढच्या शब्दावर टाक जरा रेंगाळला,
शाईचा थेंब पडला, टिपकागदानं टिपला.

आतून मालक म्हणाले,
"मुनीम, उद्याच्या पट्ट्या?"

झाल्यात, म्हणालो.
चौथ्या ओळीसकट.