खळं

भटूच्या छातीचा फोटो
तडवीबाईंनी उजेडावर धरला,
पेनाच्या टोपणानं दाखवलं:
हा ठिपका. आणि त्याच्याभोवती
हे धुरकट कडं.

चंद्राला असं खळं पडलं की
आमचा बाप रातोरात चारा झाकायचा.
मी विचारलं, आता काय झाकू?

बुरशी आहे, म्हणाल्या. श्वासातून गेली.

श्वास तर सगळेच घेतात.
धरणगावच्या जिनिंगमध्ये तीस माणसं
सरकीच्या ढिगाला भिडून असतात.
अवकाळीत भिजलेली सरकी आतून तापते,
फावडं घातलं की हिरवट भुकटी उडते,
माणसं खोकतात, चहा पितात, घरी जातात.
भटू मात्र कामावर गेला होता
माझी एक किडनी घेऊन.

"आक्का, मी नुसता काटावर बसस,
ढिगजोडे जात नही."
काटा ढिगापासून वीस पावलं.
बुरशीला पावलं नसतात.

दोन वर्षं झाली.
त्याच्या पोटात, उजव्या अंगाला,
माझं मूठभर मांस नांदतं आहे.
त्याच्या रक्तानं तिला परकी म्हणू नये
म्हणून अंगातले राखणदार
गोळ्या देऊन निजवले.
सकाळी नऊ, रात्री नऊ.
गजर मीच लावून दिला होता.
म्हणजे दार माझ्यासाठी उघडं ठेवलं
आणि त्याच दारानं ती आत आली.
हे घरात कोणी बोललं नाही.
वहिनीसुद्धा नाही.

माझ्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे, रुपयाएवढा.
टोचणारा आला तेव्हा मी कोठीमागे लपले होते,
आईनं वेणीला धरून ओढून आणलं.
ते आठवून मी बाईंना म्हटलं,
याची नसते का तशी एखादी?

त्या हसल्या नाहीत.
अजून नाही, म्हणाल्या. उंदरांवर चाललंय.
आधी त्यांची ताकद औषधानं खालावतात,
मग बुरशी हुंगायला लावतात.
लस दिलेले काही
जगतात.

पण निजलेल्याला शिकवायचं कसं?

तोच तर प्रश्न आहे, म्हणाल्या.
बहुतेक निजण्याआधी शिकवावं लागेल.
जागेपणीचा धडा झोपेत किती उरतो,
तेच मोजताहेत.

बाहेर बाकड्यावर बसून
मी हिशोब केला.
तशी लस असती, तर टेबलावर चढण्याआधी
त्याला ओढून नेलं असतं,
वेणी नाही, तर कानाला धरून.

आता बुरशीवरची गोळी चालू आहे.
तिच्यामुळे पहिलीचा जोर वाढतो, म्हणून पहिली अर्धी केली.
दर आठवड्याला जळगाव, दर आठवड्याला रक्त.
ऊन वर्ज्य.
माघात सगळी गल्ली ओट्यावर उन्हाला बसते,
हा खिडकीआड, मास्क लावून.
आणि गोळी घेतली की तासभर
त्याला रंग भडक दिसतात.
"आक्का, भित कितली पिवयी दिसी ऱ्हायनी!"
भिंत चुन्याची. पांढरी.
मी म्हटलं, हो रे, पिवळीच आहे.

दुसऱ्या फोटोत कडं विरलं होतं.
ठिपका होता.
राहू दे, म्हणाल्या, बघत राहू.

त्या रात्री कोठीतल्या पिंजऱ्यात उंदीर सापडला.
एरवी मी पिंजरा बादलीत बुडवते,
वर्षानुवर्षं, बिनदिक्कत.
पहाटे तो पदराखाली घेऊन
नाल्यापर्यंत चालत गेले.
दात वाजत होते, माझे.

दार वर केलं.
तो लगेच पळाला नाही.
तोंड बाहेर काढून
हवा हुंगली त्यानं,
एकदा, दोनदा,
मग गेला.