गुरुवारची तारीख

तारीख गुरुवारची घेतली, मुद्दाम.
गुरुवारी तालमीचा वरचा हॉल निम्म्या भाड्यात मिळतो
आणि मटणाचं नाव कुणी काढत नाही.
आमच्या पेठेत ताटात रस्सा का नाही,
याला एवढं एकच कारण बिनबोभाट चालतं.
आई म्हणाली, लोक म्हणतील लई देवभोळी झाली ही माणसं.
म्हणू देत.
देवभोळं दिसायला पैसे पडत नाहीत.

मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसते.
दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून
बोटाला ओल्या स्पंजचा वास येतो.
रात्री त्याच बोटानं
माझ्याच रिसेप्शनची माणसं मोजते:
पावणेतीनशे.
ताट एकशे ऐंशीला, दाजी आचाऱ्यांचा शेवटचा भाव,
जिलेबी धरून, मठ्ठा सोडून.
मठ्ठ्याचं ताक आत्या आणणार वडणग्याहून,
दोन कॅन, केएमटीनं, मांडीशी धरून.

फुलांची भिंत नको, संग्राम फोनवर म्हणाला,
तालमीची भिंत हाय की.
तिथं जुन्या पैलवानांचे फोटो आहेत,
मिशीला पीळ दिलेले सहा जण.
आमच्या प्रत्येक फोटोत ते मागं उभे राहणार,
वरातीत शिरलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखे,
आणि जेवणार नाहीत.

तरी शंभर माणसं जास्तच होत होती.

मग आप्पांनी माळ्यावरनं वही काढली,
त्यांच्या लग्नातली, आहेराची,
लाल कापडी पुठ्ठा, कडा उंदरानं खाल्लेल्या.
सुताराचे अकरा रुपये आणि एक तांब्या.
शकुबाई, चोळखण.
मिलमधली मंडळी मिळून, भिंतीवरचं घड्याळ.
ते घड्याळ अजून दहा मिनिटं पुढं चालतं.
"ज्यानं दिलंय, त्याचं नाव कापायचं न्हाई,"
आप्पांनी नियम केला आणि चष्मा पुसला.

आम्ही वाचत गेलो.
हे वारले. हेही वारले. ही लेकाकडं पुण्याला,
डोळ्यांनी दिसत नाही तिला.
प्रत्येक वारलेल्या नावाला आई हात जोडायची
आणि मी मनात एकशे ऐंशी वजा करायची.
काउंटरवर एवढी वर्षं बसले,
पण ही लाज कुठल्या रकान्यात धरायची
ते मला कुणी शिकवलं नाही.

शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं:
दत्तोबा सायकलवाले, पाच रुपये.
कोण हे?
आप्पांना आठवेना. आईला आठवेना.
आत्याला फोन लावला, ती म्हणाली,
तुमच्या लग्नात मी भांडून बसले होते, मला काय इचारतासा.

दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळी चहा पिऊन बाहेर पडले.
गंगावेस, पापाची तिकटी, लक्ष्मीपुरी,
जिथं जिथं पंक्चर काढतात तिथं तिथं थांबले.
दिवेलागणीला आले, पँटीच्या घोळाला वंगण.
दत्तोबा कुणालाच माहीत नव्हते.
"पण तिघांनी बसायला स्टूल दिलं,
चहा पाजला,
मग म्हणलं त्यास्नी, गुरुवारी या."

तिघं म्हणजे घरच्यांसकट नऊ.
आई नुसती आप्पांकडं बघत राहिली.
मी दुरुस्ती केली:
नऊ ताटं वाढवली,
माझ्या हाताची मेंदी कोपरापासून मनगटापर्यंत आणली.

आता कार्ड तेवढं राहिलंय.
खाली 'कृपया आहेर आणू नये' छापायचं की नाही
यावर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही.
आणलेला आहेर हॉलच्या बाकीला उपयोगी पडेल
हे सगळ्यांना कळतं.
छापखानेवाला म्हणतो, ओळ वाढवली तरी पैसे तेवढेच.
उद्या दुपारपर्यंत सांगा.
वही टेबलावर तशीच उघडी आहे,
पेन्सिलीच्या त्या पानावर
आप्पांनी चष्मा ठेवलाय.